डेस क्विन्लनचं सोडपत्र

दर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी टॅरिन क्रीक आणि हॉलंड्स प्लेन या दोन गावांतले लोक आमच्या, म्हणजे टॅरिन क्रीकच्या, हॉलमध्ये जमतात आणि आपल्या मालकीचे नसलेले खेळाडू एकमेकांना देतात-घेतात. शहरातल्या मोठ्या फुटबॉल क्लबांपैकी टॅरिन क्रीक यारासाइडच्या बाजूचं, हॉलंड्स प्लेन पोर्ट हॅलमच्या. मध्ये एकेचाळीस किलोमीटर गहू. त्याच पंधरवड्यात मेलबर्नमध्ये क्लबांचे अधिकारी बंद दाराआड हेच करत असतात. आम्ही दार उघडं ठेवतो, आणि सॉसेज रोल असतात.

नियम साधे आहेत. आपल्या बाजूनं बोलायचं, भाव करायचा, आणि चार वाजता थेल्मा क्राउझनं चहाचा बंब बंद केला की थांबायचं. सौदा ठरला तर कागद होतो. तो कागद खरा असतो. जिल्ह्याची जुनी लीग अठ्ठ्याण्णव साली बंद पडली, तेव्हा तिच्या गुलाबी सोडपत्रांचा एक गठ्ठा हॉलच्या कपाटात राहून गेला. एका क्लबातून दुसऱ्यात जाणाऱ्या खेळाडूनं त्यावर सही करायची, नव्या क्लबच्या सचिवानं करायची. जुन्या क्लबची सही लागत नसे. त्याला फक्त सात दिवस मिळत. तेवढ्यात लेखी हरकत आली नाही, तर माणूस गेला. कापणीच्या दिवसांत कुठलाच सचिव पत्राला उत्तर देत नाही, म्हणून लीगनं हा नियम केला होता.

कागद मी भरतो. एकतीस वर्षं मी जिल्ह्याच्या साप्ताहिकात फुटबॉलचं पान सांभाळलं. माझं अक्षर वाचता येतं, आणि टॅरिन क्रीकमध्ये राहूनही मी कुठल्याच बाजूचा नाही असं दोन्ही गावं मानतात. खेळाडूच्या सहीची जागा दर वर्षी कोरी राहायची, कारण खेळाडू मेलबर्नमध्ये असायचा आणि त्याला यातलं काही माहीत नसायचं.

या वर्षी वाद कॅलन ब्रेहेनीवर होता. यारासाइडचा सतरा नंबर, वय चोवीस, मधल्या फळीत खेळणारा. पोर्ट हॅलमला तो हवा होता. नव्या मुलांच्या निवडीत पहिल्या फेरीतली आपली पाळी ते द्यायला तयार होते, वर एक उंच पोरगा.

"सतराला हात लावलात तर मी घरी चाललो," गॅव्ह पोह्लनर म्हणाला. तो धान्याचे ट्रक चालवतो आणि दर वर्षी घरी जायची धमकी देतो.

"जा की," मॉरीन शीअर म्हणाली. ती हॉलंड्स प्लेनची सचिव, पूर्वी शाळेत मुख्याध्यापक होती. "तुझी खुर्ची आम्ही दुसऱ्या फेरीत घेऊ."

"त्याची मांडी दोनदा गेलीय, मॉरीन. तुला माहितीय ते."

"मग देऊन का टाकत नाही? गेलेली मांडी तुला कशाला हवी?"

आमचा सचिव कॉल ट्रेलोर तेवढ्यात हिशेबीपणे म्हणाला, "भावनेत अडकू नका. चोविसाव्या वर्षी विकला तर किंमत आहे. सत्ताविसाव्या वर्षी कोण घेणार?"

थेल्मानं बंबाखालचा कप भरला आणि वळली. "दात पण बघून घ्या त्याचे. मेंढरू आहे का ते? त्याच्या आईला कोणी विचारलं?"

"आईला काय विचारायचं, थेल्मा? तिला गोल मारता येतो?"

"तुला तरी कुठं येतो, गॅव्ह? तुला विकलं म्हणजे कळेल."

तेव्हा डेस क्विन्लन हसला. डेस अडुसष्ट वर्षांचा, आमच्या मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडणारा. "मला विका," तो म्हणाला. "आयुष्यात मला कोणी मागितलंच नाही. राखीव संघातसुद्धा मी कोट सांभाळायला असायचो."

मॉरीननं चष्मा खाली करून त्याच्याकडे पाहिलं. "काय आहे तुझ्यात?"

"अडतीस वर्षं एक दिवस रजा नाही," कॉल म्हणाला. "गुडघे मूळचेच आहेत."

"म्हणजे गंजलेले. बदल्यात काय मागताय?"

सगळे आता खुर्च्या ओढून पुढे आले होते. ब्रेहेनीसाठी तास गेला होता. डेसचा सौदा दहा मिनिटांत झाला. बदल्यात हॉलंड्स प्लेननं रॉस टिलॅक दिला. एक्कावन्न वर्षांचा, एकटा राहणारा, विजेची कामं करणारा. आमचा गुणफलक दोन वर्षं अर्धाच पेटत होता. "लुटलं रे त्यांना," गॅव्ह माझ्या कानात म्हणाला.

मी दोन कागद भरले. मी अर्धवट कागद भरत नाही. डेसमंड अलॉयशियस क्विन्लन, जन्मतारीख, पत्ता, आधीच्या क्लबात किती वर्षं. डेसनं सही केली, रॉसनं केली, दोन्ही सचिवांनी केल्या. नोरीन, डेसची बायको, मागे कप विसळत होती. तिनं ओरडून सांगितलं, "अंधाराच्या आत परत पाठवा त्याला, कचऱ्याचा डबा बाहेर न्यायचाय." सगळे हसले. मी वेळ लिहिली: तीन वाजून पन्नास मिनिटं. मग लीगच्या जुन्या नियमाप्रमाणे ती चारवर नेली, कारण मुदत पूर्ण तासापासून धरतात.

पुढचा आठवडा मला नोरीननं नंतर सांगितला, आणि मी तो तिनं सांगितला त्या क्रमानं देतो. सोमवारी काही नाही. मंगळवारी डेसनं चहात साखर घातली. अडतीस वर्षांत घातली नव्हती. गुरुवारी त्यानं विचारलं की संडासाचा दिवा कुठून लागतो. शुक्रवारी तो दिवसभर छान वागला. "फार छान, नेव्हिल," ती मला म्हणाली. "पाहुणा वागतो तसा. जेवण झाल्यावर माझ्या स्वयंपाकाचं कौतुक केलं." रविवारी दुपारी दोघं व्हरांड्यात बसले होते. चार वाजता डेस उठला, कप बशीत नीट ठेवला, म्हणाला, "बराच उशीर झाला, मी निघतो. आभारी आहे हं," आणि गाडी घेऊन हॉलंड्स प्लेनच्या रस्त्याला लागला.

त्याच वेळी रॉस टिलॅक आमच्या हॉलवर आला. मी तिथे होतो, खुर्च्या मोजत. त्याच्या खिशातून किल्ली निघाली. कपाटातली शिडी त्यानं न विचारता काढली. गुणफलक साडेपाचला पूर्ण पेटला.

मला वाटलं होतं गावात हलकल्लोळ होईल. झाला नाही. डेसला कोणी विसरलं नव्हतं. उलट सगळ्यांना तो नीट आठवत होता, आणि त्याच्याविषयी बोलताना आवाज खाली यायचा. निवृत्त खेळाडूविषयी बोलताना येतो तसा.

"चांगली सेवा दिली त्यानं," कॉल म्हणाला.

"शेवटची दोन वर्षं ओढत होता बघ," गॅव्ह म्हणाला. "फाटकावर बसून झोपायचा. मी बोललो नाही कधी."

"तो माणूस गेलाय, कॉल," मी म्हणालो. "खरोखर गेलाय."

"मग? गेला नसता तर रॉस आला असता का?" हे तो चिडून बोलला नाही. हिशेब समजावल्यासारखं बोलला.

बुधवारी नोरीननं मला गाडी काढायला सांगितलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "तो माझी थट्टा करत असेल तर मी त्याला मारीन. आणि करत नसेल तर काय करायचं, ते तू सांग."

हॉलंड्स प्लेनच्या मैदानावर डेस फाटकाला निळा रंग देत होता. गळ्यात पोर्ट हॅलमचा मफलर. आम्हांला पाहून त्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि टोपी काढली.

"नमस्कार. मैदान बंद आहे, पण बघायचं असेल तर बघा."

"डेस," नोरीन म्हणाली.

"हो. तुम्ही टॅरिन क्रीकच्या ना? आमचा एक चांगला इलेक्ट्रिशियन तुमच्याकडं गेलाय. जपा त्याला."

"तू मला ओळखत नाहीस?"

त्यानं तिच्याकडे खरोखर पाहिलं. मनापासून प्रयत्न केला, हे मी लिहून देऊ शकतो. "माफ करा, बाई. फाटकावरून इतकी माणसं जातात."

नोरीननं त्याच्या हाताकडे बोट केलं. "ही अंगठी कोणाची?"

डेसनं अंगठी फिरवली. "काय माहीत. सांधे सुजलेत, निघत नाही. साबण लावून पाहिला." मग त्याला तिची दया आली असावी. फाटकाजवळची खुर्ची त्यानं फडक्यानं पुसली आणि म्हणाला, "बसा जरा. ऊन लागलंय तुम्हांला."

ती बसली नाही.

परतीच्या वाटेवर मी तिला नियम सांगितला. सात दिवस उलटले होते, हरकत आता चालणार नव्हती. त्याला परत आणायचा तर नवं सोडपत्र लागेल आणि त्यावर डेसची सही.

"तो करणार नाही," ती म्हणाली. "खूश आहे तो. पाहिलंस ना, पाठ सरळ ठेवून उभा होता." ती माझ्याकडे वळली. "मग माझं सोडपत्र लिही."

एकोणीस तारखेच्या रविवारी दोन्ही सचिव हॉलमध्ये आले. गावातले नेहमीचे लोकही आले. बातमी पसरली होती. नोरीन मधल्या टेबलाशी पर्स मांडीवर घेऊन बसली. तिच्यासमोर तिचा भाव सुरू झाला.

"आम्हांला गरज नाही," मॉरीन म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नकोस, नोरीन. पण आमच्याकडं स्वयंपाकघरात सात बायका आहेत आणि त्यांतल्या चौघी एकमेकींशी बोलत नाहीत."

"सँडविच चांगले करते ती," गॅव्ह पुटपुटला.

"तिची पाठ?"

"पाठ जरा धरते," नोरीन स्वतःच म्हणाली. "पावसाळी हवेत."

मॉरीननं पेन टेबलावर आडवं ठेवलं. "घेतो. पण तिच्याबरोबर पुढच्या वर्षीची तुमची पहिल्या फेरीची पाळीही हवी. पुढच्या ऑक्टोबरला तुमच्यातला एक आम्ही निवडू. कोणता, ते तेव्हा ठरवू."

शहरातले क्लब असंच करतात. नको असलेला खेळाडू गळ्यात मारायचा असेल तर वर भविष्यातली पाळी द्यावी लागते. खोलीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं; ब्रेहेनीच्या वादात तीनदा हीच अट त्यांनी स्वतः सुचवली होती. आता गॅव्ह छताकडे बघत होता. रॉस टिलॅक, ज्याला आमच्यात येऊन आठवडा झाला होता, तोसुद्धा बोटं मोजल्यासारखी हलवत होता.

"कॉल," थेल्मा म्हणाली, "डेसच्या वेळी तुला दहा मिनिटं लागली."

"ती गंमत होती."

"आणि आता?"

कॉलनं कागद माझ्याकडे सरकवला. मी पाळीची अट कागदाच्या मागच्या बाजूला लिहिली. नोरीननं सही केली, मॉरीननं केली. मी चार ही वेळ घातली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: टॅरिन क्रीकच्या कोणाही सभासदाची लेखी हरकत सव्वीस तारखेच्या चार वाजेपर्यंत माझ्याकडे आली, तर हे सोडपत्र रद्द.

त्या आठवड्यात माझा फोन बराच वाजला. कॉलनं तीनदा केला. प्रत्येक वेळी तोच प्रश्न: "कोणाची आली का?" नाही म्हटलं की तो म्हणायचा, "येईल बघ. गॅव्ह देणारेय." सव्वीस तारखेला मी दुपारी एकपासून हॉलमध्ये बसलो. तीन वाजून दहा मिनिटांनी गॅव्ह दारात आला. शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद दिसत होता. त्यानं विचारलं, "कोणी दिली?"

"नाही."

"कॉलनं पण नाही?"

"नाही."

तो उभा राहिला. कागदावर हात ठेवला, काढला नाही. "मी पहिला नाही देणार, नेव्हिल," तो म्हणाला. "गाव म्हणेल, नवऱ्याकडं निघालेल्या बाईला गॅव्हनं अडवलं. आणि नाही दिली तर पुढच्या वर्षी कदाचित मीच." थोड्या वेळानं त्याच्या ट्रकचा आवाज दूर गेला. तो भीतीनं थांबला की दयेनं गेला, हे मला ठरवता आलेलं नाही, आणि मी अंदाज छापत नाही.

साडेतीनला नोरीन आली. हातात एक लहान बॅग.

"कोणी नाही?"

"कोणी नाही."

ती समोर बसली. तिला त्या आठवड्यात काय काय झालं होतं ते मी विचारलं नाही. तिनं चहात दोन चमचे साखर घातली, तेवढं पुरे होतं. "मला तुझं नाव यायला आज सकाळी वेळ लागला," ती म्हणाली. "डेसचं सगळं अजून आहे. कागद काढ. मी सांगते, तू लिही. तुझं अक्षर वाचता येतं."

मी लिहिलं. तिनं जसं सांगितलं तसं, न सुधारता.

डेस गाडी बंद केल्यावर आतच बसून राहतो, रेडिओवरच्या माणसाचं वाक्य पूर्ण होईपर्यंत. बोलणाऱ्याला मध्ये तोडणं वाईट, म्हणतो.

डेस टोमॅटोला मीठ आधी लावतो आणि मग कापतो. हे चुकीचं आहे आणि मी त्याला कधी सांगितलं नाही.

एक्क्याण्णव साली आमचं मूल पोटातच गेलं, सहावा महिना होता. डेस काही बोलला नाही. त्यानं पाळणा सुटा केला, एकेक स्क्रू वेगवेगळ्या कागदात बांधला आणि प्रत्येक पुडीवर लिहिलं की हा कुठं बसतो. परत लागला तर, असं. पुड्या अजून शेडमध्ये आहेत, वरच्या फळीवर, डावीकडं.

डेसला कोणी मागितलं नाही असं तो म्हणतो. मी मागितलं होतं. नाचाच्या कार्यक्रमात मीच गेले होते त्याच्याकडं, तो कोट सांभाळत होता.

चार पानं झाली. घड्याळाकडे मी पाहत नव्हतो. पाहायला हवं होतं. "अजून एक लिही," ती म्हणाली. "तो झोपेत—"

ती थांबली. मी पेन टेकवून वाट पाहिली. तिनं हॉलभर नजर फिरवली, खिडक्या, खुर्च्या, भिंतीवरचे जुने संघ. मग माझ्याकडे पाहून ओळख नसलेल्या माणसाकडे पाहून हसतात तशी हसली.

"छान हॉल आहे तुमचा," ती म्हणाली. "आमच्यापेक्षा मोठा. मी उगाच बसून राहिले, तुम्ही कामात आहात."

"नाही. झालं काम."

तिनं बॅग उचलली. उठताना तिची नजर पानांवर पडली. माझं अक्षर वाचता येतं. तिनं पहिलं पान उभ्यानंच वाचलं, मग दुसरं, मग परवानगी न घेता तिसरं. वाचताना ती हळूच पुन्हा बसली.

"हा डेस म्हणजे आमच्या फाटकावरचा का?"

"तोच."

"त्याला बायको आहे, हे माहीत नव्हतं मला." तिनं शेवटचं पान पालथं घालून पाहिलं, पुढे काही आहे का म्हणून. "जीव आहे हो हिचा त्याच्यावर. हे अर्धंच का राहिलं?"

"वेळ संपली."

"त्याच्यापर्यंत पोचवलं पाहिजे हे."

"तुम्ही त्याच बाजूला निघालात," मी म्हणालो.

"हो, मी देईन. वाटेतच आहे फाटक." तिनं पानं घडी न घालता बॅगेत ठेवली, कोपरे दुमडू नयेत म्हणून कपड्यांच्या मधोमध, आणि बॅग बंद केली. दारापाशी ती वळली. "कोणी दिलं म्हणून सांगू?"

"त्याच्या बायकोनं म्हणा."

"बरं," नोरीन म्हणाली. "त्याला बरं वाटेल. फार एकटा असतो तो तिथं."